बाईंचं कुलूप कुणी नीट केलं?

किल्लीवाला कुलूप उघडायचा, दार उघडायचा नाही. खटका मागे सरकल्याचा आवाज आला की तार पिशवीत टाकायचा, दोन पावलं मागे व्हायचा आणि दाराकडे चक्क पाठ करून उभा राहायचा. "माझं काम झालं. दार तुमचं, तुम्ही ढकला." मालकानं स्वतःच्या हातानं दार ढकलून आत जावं, हा त्याचा शिरस्ता. एकदा एक गृहस्थ नुसत्या टॉवेलवर जिन्यात अडकले होते. सकाळची वेळ, शेजारणी कामाला निघालेल्या, गृहस्थ घामाघूम. यानं कुलूप उघडलं आणि पाठ फिरवली. गृहस्थ दोन्ही हातांनी टॉवेल आवळून ओरडले, "अहो, ढकला की! माझा हात मोकळा दिसतोय का तुम्हाला?" तरी यानं ढकललं नाही. शेवटी त्यांनी डोक्यानं ढकललं.

हे बापाकडून आलेलं. बाप म्हणायचा, आपल्याला सगळ्यांची दारं उघडता येतात, म्हणूनच आपण एकाही दारात डोकवायचं नाही. किल्लीवाल्याला या शिरस्त्याचा अभिमान होता, आणि तो जरा गरजेपेक्षा जास्तच होता, हेही सांगून टाकावं. बायकोपुढे मिरवायला गेला की ती म्हणायची, "दुसऱ्याच्या घरात बघत नाही ते ठीक आहे हो. स्वतःच्या घरात तरी बघा. न्हाणीघराची कडी कधीची लोंबतेय."

दुसरी एक खोड त्याची स्वतःची. बिघडलेलं कुलूप त्याला बघवत नसे. कुणाकडे भेटायला गेला आणि दार कुरकुरलं, की गप्पांत याचं लक्ष नाही. उठायचा, खिशातली छोटी कानस काढायचा, दोन स्क्रू पिळायचा, शिसपेन्सिलीची पूड फुंकायचा, आणि मग शांतपणे चहा प्यायचा. लोक हसायचे. कोपऱ्यावरच्या मोठ्या इमारतीच्या जिन्याखाली त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, एक यंत्र, किल्ली घट्ट पकडायचा एक शेगडा आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. तिथं बसून त्यानं निम्म्या वस्तीच्या किल्ल्या कापल्या होत्या, आणि त्यातली एकही त्यानं स्वतःकडे ठेवली नव्हती.

मग नवा कायदा आला. ज्या घराचा संशय येईल त्या घरात सुरक्षा खात्याला मालकाच्या माघारी जाता येईल, आणि गेलो होतो हे सांगायची गरज नाही, असा तो कायदा. सगळे म्हणाले, कर नाही त्याला डर कशाला. म्हणताना सगळे जरा घाबरलेलेच होते. किल्लीवालाही म्हणाला, कर नाही त्याला डर कशाला. हे वाक्य असं आहे की ते दुसऱ्याच्या घराबद्दल बोलताना फार सोपं जातं.

खात्याचे साहेब दुकानावर आले ते अगदी पाहुण्यासारखे. आवाज इतका मऊ, की किल्लीवाल्यानं मनातल्या मनात त्यांचं नाव मऊसाहेब ठेवलं.

"काका, बसू का जरा?"

"बसा की."

"आम्हाला दारं फोडता येतात. पण फोडलं की नुकसान, आरडाओरडा, घरच्यांना मनस्ताप. तुम्ही उघडलंत तर कुणाला काही कळणारही नाही. लोकांचंच भलं बघतोय आपण."

"मालक असतील ना समोर?"

"मालक म्हणजे आम्हीच, असं समजा."

मग एक कागद पुढे आला. केलेल्या कामाबद्दल कुणापाशीही, घरच्या माणसांपाशीसुद्धा, एक अक्षर बोलायचं नाही. बोललात तर परवाना रद्द आणि तुरुंग. किल्लीवाल्यानं सही केली. का केली, असं विचाराल तर भीतीनं, हे अर्धं उत्तर झालं. साहेब त्याला काका म्हणाले होते, त्याच्या डुगडुगत्या स्टुलावर बसून त्याच्या फुटक्या कपातला चहा प्यायले होते, हे उरलेलं अर्धं. माणूस धमकीला जेवढा भुलत नाही तेवढा मानाला भुलतो.

कामं दिवसाढवळ्या असत. लोक कामावर, मुलं शाळेत, जिन्यात शुकशुकाट. मऊसाहेबांची माणसं पाण्याच्या खात्याचा गणवेश घालून येत आणि मोटारीत त्याला मागे बसवत. पहिल्या दारापाशी त्यानं खटका सरकवला, सवयीनं दोन पावलं मागे झाला, पाठ फिरवली आणि म्हणाला, "ढकला." दोघं जण फिदीफिदी हसले. मग त्यांनी ढकललं. आतून खणांचे, कपाटांचे आवाज येत राहिले आणि तो जिन्याच्या भिंतीवरचे पोपडे बघत उभा राहिला. आपण पाहिलं नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. त्या दिवशी ते पटलंही.

पण नंतर पटेना. समोरचा औषधवाला रोजच्यासारखा हाक मारायचा, "काय काका, बरं ना?" आणि याच्या डोळ्यांपुढे त्याच्या घराचं कुलूप उभं राहायचं, कारण ते दोन दिवसांपूर्वीच उघडलं होतं. बरं आहे म्हणायलाही जीभ वळायची नाही. तो रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं जायला लागला, तर तिकडे ज्याचं दार उघडलं होतं असा शिंपी बसलेला. माणसानं जायचं तरी कुठून? घरून निघाला की कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचा आणि आपलंच कुलूप ओढून बघायचा. जेवताना घास हातातच राहायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. बायकोनं त्याला भरदुपारी धुतलेला शर्ट घालून मोटारीत बसताना पाहिलं आणि संध्याकाळी सरळ विचारलं, "कोण आहे ती?"

"कोण ती?"

"तेच विचारतेय मी. या वयात मोटार घेऊन न्यायला येते म्हणजे बऱ्या घरची दिसते."

त्याला हसूही येईना आणि सांगताही येईना. बायको दोन दिवस अबोला धरून बसली. त्याला वाटलं, खरंच एखादी बाई असती तर बरं झालं असतं, निदान कबूल तरी करता आलं असतं.

बाई होत्या, पण त्या वेगळ्या. गणिताच्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी वस्तीतल्या निम्म्या मोठ्या माणसांनी त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या. किल्लीवाल्याच्या मुलीच्या डोक्यात अपूर्णांक शिरेनात, तेव्हा बाईंनी तिला वर्षभर संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरात बसवून शिकवलं होतं, आणि फीचं विचारल्यावर डोळे वटारले होते. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहत. मुलगा, सून, नातवंडं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

बाईंच्या दाराचं कुलूप म्हणजे किल्लीवाल्याच्या जिवाला लागलेला घोर. दार बिजागऱ्यांवर खाली बसलं होतं, त्यामुळे खटका चौकटीतल्या पट्टीवर अडायचा. बाई किल्ली घालायच्या, गुडघ्यानं दार वर उचलायच्या, मूठ आपल्याकडे ओढायच्या आणि एक हिसका द्यायच्या, तेव्हा कुठे ते उघडायचं. किल्लीवाल्यानं कितीदा विनवलं होतं. बाई म्हणायच्या, "खबरदार हात लावाल तर! हे कुलूप फक्त मला ओळखतं. तुमची ती गुळगुळीत कुलपं येईल त्याला हो म्हणतात."

कायदा आल्यावर बाई गप्प बसतील हे शक्यच नव्हतं. तो रद्द करा म्हणून त्या घरोघरी सह्या मागत फिरायला लागल्या. कुणी म्हणालं, कर नाही त्याला डर कशाला, की बाईंचं उत्तर तयार. "मग न्हाणीघराला आतून कडी का लावता? आत काय बाँब करता?" लोक हसायचे आणि हसता हसता सही करून बसायचे. किल्लीवाल्यापाशी आल्या तेव्हा तो म्हणाला, चष्मा घरी राहिलाय. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा येताना दिसल्या, तेव्हा तो यंत्राच्या मागे पडलेला स्क्रू शोधत बसला, आणि त्या जाईपर्यंत तो स्क्रू काही सापडला नाही.

मोटार बाईंच्या गल्लीत वळली तेव्हा तो पुढे वाकला.

"साहेब, या घरात काय असणार? खडूचे तुकडे?"

"काका," मऊसाहेब म्हणाले, "घर आपण निवडत नसतो."

बाई पेन्शनसाठी बँकेत गेल्या होत्या. हे कुलूप उघडत नाही, असं सांगता आलं असतं. त्या कुलपाकडे बघून कुणीही विश्वास ठेवला असता. पण त्याच्या हातांनी ते डोक्याला न विचारताच उघडलं, गुडघ्यानं दार उचलून, मूठ ओढून, बाई करायच्या तसंच. तो मागे झाला. माणसं आत गेली. जाताना एकानं बजावलं, "दार लोटू नका, जिन्याकडे लक्ष ठेवा."

तो चौकटीला टेकून उभा राहिला. आत ड्रिल घरघरलं, कपाट सरकलं, कुणीतरी हळू आवाजात मापं सांगत होतं. त्याला ते ऐकायचं नव्हतं. समोर ती पट्टी होती, खटक्यानं घासून चकचकीत झालेली, सगळा दोष डोळ्यांसमोर उघडा. त्याचे हात शिवशिवले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. त्यानं पट्टी सोडवली, कानशीनं तिची खालची कड घासली, जरा खाली सरकवून तीन नव्या स्क्रूंनी पक्की केली. बिजागऱ्या पिळल्या. भोकात पूड फुंकली. त्या पट्टीपलीकडे त्यानं नजर जाऊ दिली नाही. माणसं बाहेर आली, दार ओढलं, तेव्हा खटका अगदी हलकेच बसला, ऐकूसुद्धा आला नाही. आणि खरं सांगायचं तर कितीतरी दिवसांनी त्याला फार बरं वाटलं.

मोटार मोठ्या रस्त्याला लागल्यावर आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं. शेजारी मऊसाहेब डुलकी घेत होते. त्यांना सांगावं तर फजिती, न सांगावं तर आणखी. तो खिडकीबाहेर बघत बसला.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानावर आल्या. हातात किल्ली.

"काका, माझ्या घरात कुणीतरी शिरलं होतं."

"काय गेलं?"

"गेलं काहीच नाही. कुलूप नीट झालंय."

त्यानं हातातली किल्ली कानशीखाली धरली, म्हणजे वर बघायला नको. "हवा कोरडी आहे बाई. लाकूड आकसतं. त्यानं होतं असं कधी कधी."

"तीन स्क्रू नवे आहेत. ते काय हवेनं बसवले?"

आता इथं खरं बोलायची एक संधी होती. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. पण त्याला तो कागद आठवला, बायको आठवली, तुरुंग आठवला, आणि तोंडातून भलतंच बाहेर आलं. "ते मीच बसवले होते मागे. तुम्हीच बोलावलं होतंत. तुम्ही विसरलात, बाई."

बाई बघत राहिल्या. संशयानं नव्हे. संशयानं बघितलं असतं तर त्याला सोसलं असतं. त्या विचारात पडल्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला फाडून खाल्लं असतं, पण कुलपाच्या बाबतीत या माणसाचा शब्द म्हणजे शेवटचा, हे त्या वर्षानुवर्षं धरून चालल्या होत्या. "मी बोलावलं होतं?" त्या पुटपुटल्या. "असेल. असेलही." आणि किल्ली मुठीत धरून त्या सावकाश निघून गेल्या.

तरी बाईच त्या. दोन दिवसांनी पुन्हा उसळल्या आणि पोलीस चौकीत गेल्या. तिथला हवालदार म्हणाला, "चोर कुलूप दुरुस्त करून गेले? आजी, इकडेही पाठवा त्यांना. चौकीचं दार कधीचं लागत नाही." हा विनोद संध्याकाळपर्यंत वस्तीभर झाला. मुलं त्यांना बघून म्हणायला लागली, आज आमचा नळ गळतोय, चोरांना सांगा. विनोद चांगला होता, म्हणून तर त्यानं एवढं नुकसान केलं. आदल्या आठवड्यात सही केलेल्यांपैकी काही जण आपली सही परत मागायला गेले. वेड्या बाईच्या कागदावर नाव कशाला हवं? आणि कुणी जरा थांबून विचार करायला लागला, की दुसरा सांगायचा, अहो, चौकीत तिनंच कबूल केलं, खुद्द किल्लीवाल्यानं सांगितलंय, त्यानंच बसवले स्क्रू, म्हातारी विसरली.

हे फिरून त्याच्याच कानावर यायचं. आपल्या तोंडचं खोटं दुसऱ्याच्या तोंडून परत ऐकण्यासारखी शिक्षा नाही. तो उठायचा, बसायचा, यंत्र चालू करायचा, बंद करायचा. एका गिऱ्हाइकाची किल्ली त्यानं चारदा चुकीची कापली.

मऊसाहेब एकदा सहज आल्यासारखे आले. चहा प्यायले. म्हणाले, "त्या बाईंचं ऐकलं ना? वय झालं की होतं असं." आणि बोट कपाळाशी नेऊन फिरवलं. "आम्हाला काही करावंच लागलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला." मग कप खाली ठेवून, त्याच मऊ आवाजात, "हात चांगला आहे हो तुमचा, काका. पण न सांगितलेलं काम करू नये."

याचा अर्थ त्यांना कळलं होतं. आणि कळूनही त्यांनी त्याला सोडलं होतं, कारण त्याचं खोटं त्यांच्या चांगलंच उपयोगी पडलं होतं. त्या दिवशी त्यानं दुकान दुपारीच बंद केलं.

पुढच्या आठवड्यात बाईंच्या मुलाचा निरोप आला. आईच्या घरी या, ड्रिल घेऊन या.

मुलगा माणूस वाईट नव्हता. डोळे झोप नसल्यासारखे लाल, हातात औषधांची पिशवी. त्यानं किल्लीवाल्याला जिन्यातच गाठलं. "काका, बाहेरून कडी हवी आहे. कुलूप घालता येईल अशी. आई दिवसभर कचेऱ्यांमधून फिरते, तक्रारी करते, परवा मोटारीखाली येता येता वाचली. दिवसा एक बाई ठेवलीय सांभाळायला. डॉक्टरांच्या तपासण्या होईपर्यंत तिला घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. मला काय हौस आहे का? पण दुसरं काय करू, तुम्हीच सांगा."

समोरच्या बिऱ्हाडातले आजोबा दार किलकिलं करून बघत होते. किल्लीवाल्यानं पिशवी खाली ठेवली आणि चौकटीवर पेन्सिलीनं खूण केली.

बाई दाराशीच खुर्चीवर बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, हात मांडीवर, शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारख्या. ओरडल्या असत्या, ड्रिल हिसकावलं असतं, तर त्यानं कदाचित मान खाली घालून काम उरकलं असतं. पण त्या म्हणाल्या, "काका, भोक जरा वर पाडा. खालचं लाकूड पोखरलंय, कडी टिकायची नाही."

त्यानं ड्रिल चालू केलं. भुसा त्याच्या चपलेवर पडायला लागला.

"मी विसरते हल्ली," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत म्हणून बरं झालं. नाहीतर मला कळलंसुद्धा नसतं."

त्यानं ड्रिल बंद केलं.

"कुलूप मी नीट केलं," तो म्हणाला.

"हो, मागे कधीतरी," मुलगा म्हणाला. "माहीत आहे."

"मागे नाही. बाई पेन्शनला गेल्या होत्या त्या दिवशी. बाईंनी बोलावलं नव्हतं मला. ते घेऊन आले होते."

"ते कोण?"

"कपडे पाण्याच्या खात्याचे होते. माणसं पाण्याची नव्हती."

मग समोरच्या आजोबांचं दार मिटलं, आतून कडी लागली, आणि पाठोपाठ दुसरी. ते आता आत जाऊन खात्याला फोन करतील, की कानात कापूस घालून झोपतील, हे सांगता येण्यासारखं नव्हतं. किल्लीवाल्याला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती, पण ती आता सरळ समोरून येत होती आणि त्यामुळे तिच्याकडे बघता तरी येत होतं.

बाई खुर्चीवरून उठल्या. "तीन स्क्रू."

"तीन स्क्रू, बाई."

"हवा नव्हती."

"हवा नव्हती. आणि तुम्ही काही विसरला नव्हतात. मी खोटं बोललो."

बाईंनी चौकटीला धरलं. "मी रोज सकाळी उठून एकोणतिसाचा पाढा म्हणत होते," त्या म्हणाल्या. "एकदाही चुकले नाही. तरी वाटायचं, पाढा तेवढा राहिला असेल आणि बाकीचं गेलं असेल. स्वतःच्याच डोक्याला घाबरायला लागले होते मी. तुमच्यामुळे." आणि त्या रडायला लागल्या, या वस्तीत त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं. किल्लीवाल्याला वाटलं, त्यांनी एक थोबाडीत द्यावी म्हणजे सुटू. त्यांनी दिली नाही. डोळे पुसून त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं, "आत काय केलं त्यांनी?"

"मला माहीत नाही."

"उभे होतात ना इथं?"

"मी आत पाहिलं नाही. मी कधीच बघत नाही, बाई."

"शाबास," बाई म्हणाल्या.

आयुष्यभर ज्या गोष्टीचा त्यानं तोरा मिरवला, ती त्या एका शब्दानं मातीमोल झाली. त्याला कळलं, की त्या दाराशी उभं राहून न बघणं म्हणजेच त्यांना मदत करणं होतं. आत काय लागलंय, कुठे लागलंय, बाई काय बोलल्या की कुठे ऐकू जातं, हे सांगू शकेल असा एकच माणूस जगात बाईंच्या बाजूला होता, आणि तो भिंतीचे पोपडे आणि लोखंडाची पट्टी बघत उभा होता.

मुलानं त्याचा दंड धरला. "काका, हे बोलू नका." आवाज खाली आणून तो म्हणाला, "हात जोडतो. बाहेर जाऊन म्हणा, म्हातारीच्या समाधानासाठी बोललो. तिला भ्रम झालाय, असंच राहू द्या. त्याला डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, मी रजा काढीन, मी सांभाळीन तिला. पण हे खरं असेल तर मी कुणाकडे जाऊ? यावर कुठली गोळी आहे?"

"म्हणजे तुला मी वेडी परवडते," बाई म्हणाल्या.

"हो, आई. परवडते."

किल्लीवाल्यानं आपला दंड सोडवून घेतला. ड्रिल पिशवीत टाकलं. "मी हे कोर्टात सांगीन," तो म्हणाला. "कोर्टानं विचारलं नाही तर चौकात सांगीन. मला नेतीलच. नेण्याआधी जेवढ्यांना सांगता येईल तेवढ्यांना सांगतो. पहिलं घरी बायकोला." हे सगळं आपल्याच्यानं होईल याची त्याला अजिबात खात्री नव्हती.

मुलगा चौकटीतल्या अर्धवट भोकाकडे बघत होता. मग अगदी वेगळ्याच, लहान आवाजात त्यानं विचारलं, "फक्त आईचंच ना? माझ्याकडे... नाही ना आलात?"

"मला माणसांची नावं सांगत नव्हते. पत्ता सांगा."

मुलानं तोंड उघडलं आणि मिटलं. नाही सांगितलं तर नाहीच झालं, असं काहीतरी त्याच्या तोंडावर होतं. किल्लीवाल्याला ते ओळखीचं वाटलं.

पत्ता बाईंनी सांगितला. रस्ता, इमारत, मजला, डावीकडचं दार. एकेक शब्द स्पष्ट, फळ्यावर लिहावा तसा.

किल्लीवाल्यानं डोळे मिटले. त्याला आधी कुलूप आठवलं, मग दार, मग दारावर चिकटवलेलं लहान मुलानं काढलेलं घराचं चित्र.

"हो," तो म्हणाला. "तुमच्याकडे तर यांच्याही आधी. कुलूप चांगलं आहे तुमचं. त्यात नीट करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तुम्हाला कळलं नाही."